सूर धरणारी जागा

नव्या खोलीत शिरलं की गुरुनाथ देशकर आधी एक टाळी वाजवायचा. हॉटेलची लॉबी असो, शाळेचा हॉल असो, नाहीतर कुणाचं नवं घर असो. शोभनाला लग्नानंतर सुरुवातीला फार लाज वाटायची. वास्तुशांतीला जावं, यजमानांनी कौतुकानं किचन दाखवायला घ्यावं, आणि आपला नवरा जिन्याखाली उभा राहून टाळी वाजवतोय, मान तिरकी करून ऐकतोय. पुढे तिला सवय झाली. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळींनाही झाली. घर घेतलेला एखादा तरुण स्वतःच विचारायचा, "काय काका, पास की नापास?" बहुतेक घरं नापास व्हायची. गालिचे, सोफे, जाड पडदे. आवाज तोंडातून निघाला की तिथेच बसायचा.

तो नोकरी करायचा वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत. यंत्र किती थरथरतं, किती आवाज करतं, हे तपासण्याचं काम. पण टाळीची खोड त्याआधीची. नागपूरला लहानपणी वडील त्याला गाण्याच्या कार्यक्रमांना घेऊन जायचे. एकदा एका शाळेच्या प्रार्थनागृहात, उन्हाळ्यात, पंखे बंद करून गाणं झालं होतं. माणसं घामानं भिजली होती आणि कुणी हलत नव्हतं. गायकानं लावलेला सूर भिंतींपाशी जाऊन परत येत होता आणि तो आला की गायक हसत होता. ते हसणं गुरुनाथच्या मनात राहिलं. चांगलं गाणं त्यानं पुढे खूप ऐकलं. चांगली जागा मात्र क्वचित भेटली.

मिनेसोटात तर भेटलीच नव्हती. तिथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम शाळेच्या ऑडिटोरियममध्ये व्हायचे. तिथे हीटरची घरघर तानपुऱ्यापेक्षा मोठी. पहिली रांग स्टेजपासून इतकी लांब, की गायकाला समोर माणसं आहेत की अंधार आहे ते कळू नये. माइक शिट्ट्या मारायचे. आणि ठरलेली वेळ झाली की शाळेचा माणूस किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा राहायचा. गुरुनाथ दर कार्यक्रमानंतर सत्यजितपाशी कुरकुर करायचा आणि सत्यजित हसून म्हणायचा, "गुरू, तू जागा शोध. बाकी सगळं मी बघतो."

सत्यजित मंडळाचा अध्यक्ष. पुण्याचा, बोलघेवडा, कामाला वाघ. दोघं एकाच वर्षी अमेरिकेत आले, पहिली दोन वर्षं एकाच अपार्टमेंटमध्ये राहिले, एकाच जुन्या गाडीला थंडीत धक्का मारत ऑफिसला गेले. मुलीचा, केयाचा, जन्म झाला तेव्हा गुरुनाथ कंपनीच्या कामासाठी टेक्ससमध्ये अडकला होता. शोभनाला बर्फातून हॉस्पिटलात नेलं ते सत्यजितनं, आणि मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं तेही त्यानंच. तेव्हापासून गुरुनाथला भाऊ किती असं कुणी विचारलं तर तो एक म्हणायचा. खरं तर त्याला फक्त दोन बहिणी होत्या.

जागा सापडली ती अगदी अचानक. ईडन प्रेरीहून पश्चिमेला पाऊण तासावर, मक्याच्या शेतांमध्ये, एक छोटं गाव आहे. तिथल्या माणसाकडून गुरुनाथ वापरलेलं टेबल आणायला गेला होता. टेबल पसंत पडलं नाही. परतताना त्याला एक पांढरं लाकडी चर्च दिसलं, आणि दार उघडं होतं. आत एक म्हातारी बाई ऑर्गनची धूळ पुसत होती. गुरुनाथनं आत येऊ का म्हणून विचारलं. बूट काढले, मधोमध उभा राहिला आणि एक टाळी वाजवली.

मग तो मान तिरकी करून ऐकत राहिला.

स्वीडनहून आलेल्या सुतारांनी ते चर्च बांधलं होतं. त्यांना बोटी बांधणं माहीत होतं, म्हणून छतही त्यांनी उपड्या बोटीसारखंच घातलं होतं. भिंतींना, छताला, जमिनीला, सगळीकडे पाइनचं लाकूड, मधाच्या रंगाला आलेलं. टाळी वर गेली, तिथे क्षणभर रेंगाळली आणि मऊ होऊन खाली आली. गुरुनाथनं हळूच 'सा' लावला. त्याचा गळा साधा होता, घरी तानपुरा जुळवण्यापुरता. पण तिथे तो सूर तुटला नाही. कुणीतरी हातात धरल्यासारखा राहिला.

बाईंनी फडकं खाली ठेवलं आणि काहीही न विचारता ऑर्गनवर तोच सूर दाबून धरला.

अशी मिसेस लुंडची आणि त्याची ओळख झाली. ऐंशीच्या पुढच्या, उंच, ताठ, मोजकं बोलणाऱ्या. लग्नाआधीपासून त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होत्या. आता रविवारी जेमतेम डझनभर माणसं यायची, सगळी पांढऱ्या केसांची. हॉल रिकामाच असतो, तुम्ही शनिवारी गाणं करा, त्या म्हणाल्या. फक्त गाणं संपलं की दिवे बंद करून जा.

दोन हिवाळे तिथे बैठका झाल्या. निम्मे बाक भिंतीला लावले, जमिनीवर सतरंज्या अंथरल्या. दारातल्या छोट्या खोलीत बर्फाचे बूट काढायचे, तिचं दार लावल्यावरच आतलं दार उघडायचं, म्हणजे थंडी आणि गाड्यांचा आवाज दोन्ही बाहेरच राहायचं. तळघरातला फ्रिज गाण्यापुरता बंद. इमारत गरम ठेवणारी भट्टीसुद्धा बंद. लोक अंगात कोट घालून बसायचे आणि मध्यंतरात खाली जाऊन गरम मसालेभात खायचे. माइक नाही. पहिल्या वेळी कुरकुर झाली, की मागे ऐकू येणार नाही. गुरुनाथ म्हणाला, फक्त गप्प बसून बघा. गप्प बसल्यावर तानपुऱ्याची तार शेवटच्या बाकापर्यंत आली. आणखी एक गोष्ट झाली, जी त्यानंही ठरवली नव्हती. आपला खोकला, आपली कुजबुज सगळ्यांना ऐकू जाते हे कळल्यावर माणसं आपोआप सांभाळून बसायला लागली. ऐकायला लागली.

मुंबईच्या राधिकाताई पहिल्यांदा तिथे गायल्या तेव्हा बाहेर बर्फ पडत होता. आलाप इतका सावकाश चालला होता, की पुढच्या रांगेतल्यांना त्यांचा श्वास दिसत होता. मिसेस लुंड कोपऱ्यातल्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. गाणं संपल्यावर टाळ्या लगेच आल्याच नाहीत. निघताना राधिकाताई गुरुनाथला म्हणाल्या, "इथे उगाच काही करून दाखवावंसं वाटत नाही." त्या एका वाक्यावर तो कितीतरी दिवस खूश होता.

त्यानंतरच्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, चर्चच्या लोकांनी ठरवलं, की आता पुरे. भट्टी जुनी झाली होती, छप्पर गळायला लागलं होतं, आणि माणसंच उरली नव्हती. वास्तू कुणालातरी द्यायची. एका बिल्डरला जमीन हवी होती, एका ब्रुअरीवाल्याला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, इमारत. मिसेस लुंडच्या मनात मात्र मंडळ होतं, आणि त्यांनी बाकीच्यांना हळूहळू तिकडे वळवलं. एप्रिलमध्ये सगळ्यांनी भेटायचं ठरलं.

जाताना गाडीत सत्यजित म्हणाला, "तूच बोल. मी बोललो की सेल्स पिच वाटते. तू बोललास की लोकांना खरं वाटतं."

तळघरात फोल्डिंगच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पातळ कॉफी होती, घरी भाजलेले लेमन बार होते. गुरुनाथ उभा राहिला आणि बोलला. काही तयारी केली नव्हती. तो म्हणाला, की जगात मोठे हॉल पुष्कळ आहेत, पण गाणाऱ्याला घाई करू नये असं सांगणारी जागा फार थोडी. तुमच्या आजोबा-पणजोबांनी ही प्रार्थनेसाठी बांधली. आमच्याकडे गाणं काही प्रार्थनेपासून फार लांब नाही. ही भिंत, हे छत, आम्ही खिळासुद्धा विचारून मारू.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं नाक शिंकरलं. मिसेस लुंडनी सरळ विचारलं, "म्हणजे इथे कायम संगीतच राहील? ऑर्गन इथेच राहील?"

गुरुनाथनं सत्यजितकडे पाहिलं. अध्यक्ष तो होता. सत्यजितनं सावकाश मान हलवली.

"राहील," गुरुनाथ म्हणाला. "मी शब्द देतो."

त्यांनी वास्तू मंडळाला नाममात्र किमतीत दिली, जवळजवळ देऊनच टाकली. येताना सत्यजित गाडी चालवत होता आणि त्यानं गुरुनाथच्या गुडघ्यावर थाप मारली. गुरुनाथचे डोळे ओले झाले होते. मित्राच्या लक्षात येऊ नये म्हणून तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

जुलैमधल्या एका शनिवारी सकाळी तो एकटाच तिकडे गेला. दारातल्या खोलीत बुटांसाठी फळ्या बसवायच्या होत्या, त्यांचं माप घ्यायचं होतं. बाहेर एक व्हॅन उभी होती. आत टोपी घातलेला एक तरुण, गोरा माणूस लेझरनं भिंती मोजत होता. मोठ्या अगत्यानं त्यानं हात पुढे केला. नाव ट्रॅव्हिस. लग्नांचे आणि पार्ट्यांचे हॉल चालवणाऱ्या कंपनीत तो काम करत होता.

गुरुनाथला वाटलं, हा चुकीच्या पत्त्यावर आलाय. पण ट्रॅव्हिसला मंडळाचं नाव माहीत होतं, सत्यजितचं तर छानच माहीत होतं. तो आपण होऊन दाखवायला लागला. इथे बार येईल. इथे डीजेचं स्टेज. वरती हे सगळं झाकून खाली नवं छत येईल, त्यात लाइट, एसी आणि आवाज शोषणाऱ्या टाइल्स, कारण सध्या इथे फारच घुमतं. खाली कार्पेट. ऑर्गन काढायला पुढच्या महिन्यात माणसं येतील. तुमच्या मंडळाला वर्षातले ठरलेले वीकेंड मिळतील, बाकीचे दिवस आम्ही चालवू.

"हे कधी ठरलं?" गुरुनाथनं विचारलं.

"सही जूनमध्ये झाली. बोलणं मागच्या फॉलपासूनच चालू होतं," ट्रॅव्हिस म्हणाला. "आम्ही आधी चर्चच्या लोकांना थेट विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. मग सत्यजित म्हणाला, आम्हाला देतील."

त्यानं हे अगदी सहज सांगितलं. लपवायचं काही असेल असं त्याच्या मनातही नसावं. गुरुनाथनं मापाची टेप खिशात घातली आणि तो बाहेर आला. गाडीत बसला, पण चावी फिरवली नाही. मागच्या फॉलपासून. त्याच्या डोक्यात ते दोन शब्द पुन्हापुन्हा येत होते. एप्रिलमधली ती मान. किती सावकाश हलली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, सत्या विचार करून हो म्हणतोय.

तो सरळ सत्यजितच्या घरी गेला. सत्यजित समोरचं गवत कापत होता. गाडी पाहून त्यानं हात केला. गुरुनाथ उतरला तसं त्यानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं.

"ट्रॅव्हिस भेटला," गुरुनाथ म्हणाला.

सत्यजितनं कपाळावरचा घाम पुसला. "मी सांगणारच होतो. दिवाळीच्या आधी नीट बसून सांगणार होतो."

"एप्रिलमध्ये तुला माहीत होतं."

"हो."

"मी उभा राहून शब्द देत होतो, तेव्हा तुला माहीत होतं."

सत्यजित गवताकडे बघत होता. मग त्यानं वर पाहिलं, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, समजावणं होतं. "गुरू, तुला आधी सांगितलं असतं, तर तू त्या लोकांपुढे तसं बोलू शकला असतास का?"

"नाही."

"मग? तेच तर. म्हणून नाही सांगितलं."

त्यानं पाणी आणतो म्हटलं. गुरुनाथ नको म्हणाला. मग सत्यजित बोलत राहिला, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. तीनशे कुटुंबं आहेत मंडळात. बैठकीला किती येतात? चाळीस. पन्नास. बाकीच्यांनी काय करायचं? त्यांच्या मुलांची लग्नं आहेत, मुंजी आहेत, गणपती आहे. ते आयुष्यभर शाळेच्या जिममध्ये साजरं करायचं का? भट्टी कोण बदलणार होतं, छप्पर कोण करणार होतं? ही कंपनी सगळं करून देतेय. मंडळाचं स्वतःचं छत होतंय, यार, स्वतःचं. तुझ्या राधिकाताईंचं गाणंसुद्धा होईल तिथे, एसीमध्ये, तीनशे लोकांपुढे. हवं तर पहिला कार्यक्रम त्यांचाच ठेवू.

"तू माझ्याकडून खोटं वदवून घेतलंस," गुरुनाथ म्हणाला.

"तू कुठे खोटं बोललास? तुला खरंच तसं वाटत होतं."

तो हे समजूत घालायलाच म्हणाला होता. पण ते ऐकल्यावर गुरुनाथला तिथे उभंच राहवेना. इतक्या वर्षांची ओळख. आपण खोटं बोललो तर चेहऱ्यावर दिसतं, हे त्याला माहीत होतं. आपण खरं बोललो तर माणसं विश्वास ठेवतात, हेही माहीत होतं. भाऊ म्हणवणाऱ्याला जे माहीत असतं तेच सगळं त्याला माहीत होतं, आणि त्यानं ते वापरलं. गुरुनाथ वळून गाडीकडे चालायला लागला. मागून सत्यजितनं त्याला दोनदा हाक मारली. मग मशीन पुन्हा सुरू झालं.

घरी आल्यावर त्यानं शोभनाला सांगितलं. ती आधी म्हणाली, काहीतरी गैरसमज असेल. मग तिनं स्वतः सत्यजितला फोन केला, आणि फोन ठेवल्यावर ती ओट्यापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. "तो म्हणतो, गुरूला दोन महिन्यांत पटेल," ती म्हणाली. केया मिनियापोलिसमध्ये एका क्लबात साउंडचं काम करायची. तिला कळल्यावर ती इंग्रजीत एवढंच म्हणाली, "सत्यजित काका? नो. आपले सत्यजित काका?" आणि उत्तराची वाट न बघता फोनवर रडायला लागली.

मंडळाची सभा बोलावली गेली. गुरुनाथ तिथे बोलला. आपण शब्द दिलाय, निदान ऑर्गन आणि वरचं छत तरी ठेवा, एवढंच मागितलं. लोकांनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं. कुणी म्हणालं, भावना समजतात काका. कुणी म्हणालं, पण प्रॅक्टिकली बघायला हवं ना. मतदानाला हात वर झाले तेव्हा त्याला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त झाले. राधिकाताईंच्या गाण्यानंतर जिन्यात उभी राहून जिनं त्याचे हात धरले होते, त्या कादंबरीचाही हात वर होता. तिच्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. सत्यजितनं सभा संपताना गुरुनाथचे आभार मानले. ही जागा आपल्याला मिळाली ती केवळ याच्यामुळे, असं तो म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या चालू असतानाच तो उठून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी तो मिसेस लुंडच्या घरी गेला. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होता, पण त्याची गरजच पडली नाही. दार उघडल्यावर त्या म्हणाल्या, "ऑर्गनचे पाइप मला विकत हवेत का, म्हणून एका माणसानं फोन केला होता." आणि बाजूला झाल्या, त्याला आत येऊ देण्यासाठी.

त्यांच्या किचनमध्ये दोघं बसले. त्यांनी सवयीनं कॉफी ओतली. गुरुनाथनं जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. कुणाला वाचवून सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"नाही."

"मला ते खरं मानायचंय," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशीही मला तू म्हणशील ते खरंच मानायचं होतं."



मग त्यांनी जे सांगितलं ते त्याला ठाऊक नव्हतं. ब्रुअरीवाला इमारत जशीच्या तशी ठेवणार होता. नवं छत नाही, कार्पेट नाही, ऑर्गन तर त्याला शोभेला हवाच होता. अर्धे लोक त्याच्या बाजूचे होते. चर्चमध्ये बिअर नको म्हणून मिसेस लुंडनीच त्यांना अडवलं होतं. घरोघरी जाऊन सांगितलं होतं, की हा भारतीय माणूस वेगळा आहे, मी त्याला ओळखते. आता गावातल्या बेकरीत गुरुवारी सकाळी ते सगळे कॉफीला जमतात, आणि त्या दोन आठवडे गेल्या नव्हत्या.

"मी येतो तुमच्याबरोबर," गुरुनाथ म्हणाला. "त्यांना मी सांगतो."

"त्यानं काय होईल?"

"काही नाही होणार. पण शब्द मी दिला होता. तुम्ही नाही."

त्या गुरुवारी त्यानं ऑफिसातून सुट्टी काढली. बेकरीत दोन टेबलं जोडून नऊ-दहा जण बसले होते. मिसेस लुंड त्याच्या पुढे चालत गेल्या आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. गुरुनाथ उभाच राहिला. एप्रिलमध्ये उभा राहिला होता त्याच लोकांपुढे. आता मात्र त्याला एकेक वाक्य शोधावं लागत होतं. तो म्हणाला, की मी तुम्हाला जे सांगितलं ते घडणार नाही. मला फसवलं गेलं, पण तुम्ही विश्वास माझ्यावर ठेवला होता, त्यामुळे तुम्हाला फसवणारा मीच. मिसेस लुंडचा यात दोष नाही. त्यांच्यावर राग धरू नका.

त्याचं बोलून झालं तरी कुणी आवाज चढवला नाही. त्या भागात कुणी चढवतच नाही. तळघरात नाक शिंकरणारा तो म्हातारा शेतकरी उठला, टोपी घातली आणि त्याच्या शेजारून, त्याला धक्का लागू नये इतपत वळून, बाहेर निघून गेला. त्याच्या आई-वडिलांचं लग्न, त्याचं स्वतःचं लग्न, बायकोचा अंत्यविधी, सगळं त्या छताखाली झालं होतं. एका बाईनं गुरुनाथकडे बघून अर्धवट मान हलवली. मग कुणीतरी मिसेस लुंडना विचारलं, तुझा नेहमीचा गोड रोल संपला, दुसरा चालेल का? त्या चालेल म्हणाल्या. गुरुनाथला कुणी बस म्हटलं नाही. तो दाराशी पोचेपर्यंत टेबलावर मक्याच्या भावाबद्दल बोलणं सुरू झालं होतं.

ऑक्टोबरमध्ये हॉल उघडला. राधिकाताईंच्या दौऱ्याचं सगळं मंडळामार्फत ठरलेलं होतं, साथीदारांचे व्हिसासुद्धा. गुरुनाथनं त्यांना आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मला मागे फिरता येणार नाही हो. त्यानं नकाच फिरू म्हटलं. त्या वेळी त्या सत्यजितकडे उतरल्या. गुरुनाथ कार्यक्रमाला गेला नाही, शोभनाही नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावरून त्यांचा फोन आला.

"तुम्ही दिसला नाहीत."

"नाही आलो. कसं झालं?"

"गर्दी खूप होती. माइक चांगले होते, सगळीकडे पोचलं म्हणे." त्या थांबल्या. मागे विमानाची घोषणा चालू होती. "मला मात्र माझं गाणं ऐकू आलं नाही. खाली वाकून पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरमधून ऐकत गायले. आणि मागे लोक जेवत होते. वाईट नव्हते हो लोक. जेवायला बसवलंच होतं त्यांना."

मंडळाला मात्र हॉल पावला. महिन्याभरात तिथे दोन लग्नं, एक मुंज, एक साठीशांत झाली. ग्रोसरीत, पार्किंगमध्ये लोक गुरुनाथला भेटत तेव्हा आनंदानं सांगत, काका, किती सोयीचं झालं. त्यांना त्याला दुखवायचं नसे. ते विसरूनच गेले होते. काही तर त्याचे आभारही मानत. घरी आल्यावर तो शोभनाला सामान काढून द्यायचा आणि बराच वेळ गॅरेजमध्ये काहीबाही आवरत बसायचा.

सत्यजितचा फोन आला तो फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी. गुरुनाथनं नाव पाहिलं. उचलू नये असं वाटलं, आणि तरी उचलला. तिकडचा आवाज नेहमीसारखाच होता, मोकळा, घाईतला. जणू मधले महिने दोघंही कुठेतरी गावाला गेले होते.

"गुरू, एक काम होतं रे. संध्याकाळी आपल्या मंडळातल्या अमेयच्या मुलीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम आहे आणि साउंड जमतच नाहीये. सकाळपासून फीडबॅकच्या शिट्ट्या येतायत, बोललेलं कळत नाहीये. कंपनीचे लोक दोनदा येऊन गेले, त्यांना काही सापडेना. तुझ्याशिवाय कुणाला कळणार? फक्त एकदा येऊन बघ ना, यार. त्या पोरीसाठी."

गुरुनाथला काय झालं असेल ते बसल्या जागी कळत होतं. ठेंगणं छत, त्यावर टांगलेले स्पीकर, समोर काचेचा बार. त्यानं ते सांगितलं. स्टेजवरचे दोन स्पीकर कुठल्या कोनात फिरवायचे, बारवर जाड चादर टाकायची, कुठले माइक बंद ठेवायचे, सगळं सावकाश सांगितलं. पोरीचा काही दोष नव्हता. सत्यजित कुणालातरी ओरडून तसं करायला सांगत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "सुधारलंय रे. बरंच सुधारलंय. तू येतोयस ना संध्याकाळी?"

"नाही."

"अजून राग आहे?"

गुरुनाथनं खरोखरच विचार केला. खिडकीबाहेर शेजारी छपरावरचा बर्फ लांब दांड्यानं ओढून काढत होता.

"राग नाही रे," तो म्हणाला. "राग असता तर गेला असता एव्हाना. आता तू म्हणालास ना, सुधारलंय म्हणून, तर माझ्या मनात आलं, खरंच सुधारलं असेल का. एवढीशी गोष्ट. तुझं काही ऐकलं की मला आता असंच होतं. त्याला मी काय करू ते मला कळत नाही."

तिकडे मागून लहान मुलींचे घुंगरू ऐकू येत होते, आणि खरंच, आवाज पहिल्यापेक्षा स्वच्छ येत होता.

"बरं," सत्यजित म्हणाला, आणि फोन बंद झाला.

शोभनानं आतून विचारलं, कोण होतं. गुरुनाथनं नाव सांगितलं. ती बाहेर आली, त्याच्या शेजारी बसली. दोघं शेजाऱ्याच्या छपरावरून बर्फाचे मोठे तुकडे सुटून खाली पडताना बघत राहिले.